देशाचं नाव छापलंय, कारखान्याचं कुठाय?

गेल्या महिन्यात आमच्या प्रॅक्टिस रूमवर एक पोरगा सेकंडहँड स्ट्रॅटोकास्टर, म्हणजे फेंडर या अमेरिकन कंपनीची इलेक्ट्रिक गिटार, घेऊन आला. हेडस्टॉकवर, म्हणजे तारा पिळतात त्या टोकावर, फेंडरचं नाव, आणि जवळून बघितलं तर बारीक अक्षरात ‘मेड इन जपान’. त्याने केस उघडली आणि तिथे बसलेल्या सात-आठ जणांच्या लगेच दोन पार्ट्या पडल्या. एक पार्टी म्हणाली पैसे घालवलेस, खरी फेंडर अमेरिकेतली, ही फक्त नावाची. दुसरी म्हणाली ऐंशीच्या दशकातली जपानी म्हणजे सोनं आहे, अमेरिकन तिच्यापुढे पाणी भरते. चहा दोनदा झाला तरी भांडण जिथल्या तिथे, आणि पोरगा गिटार मांडीवर घेऊन एकदा इकडे एकदा तिकडे बघतोय. दोन तासांत एकानेही विचारलं नाही की बाबा जपानमध्ये म्हणजे कुठे, कुठल्या कारखान्यात, कुठल्या साली, आणि केवढ्याला विकायला म्हणून बनवली होती ही?

हा वाद मी वीसेक वर्षं ऐकतोय आणि दर वेळी तो असाच चुकीच्या जागी अडकतो. म्हणून माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. जपानात बनलेली फेंडर ही पूर्ण फेंडर आहे, तिला दुय्यम किंवा ‘लायसनवाली’ म्हणून बाजूला काढणं इतिहासाला धरून नाही. पण ‘जपानी म्हणजे भारीच’ हेही तितकंच आंधळं आहे, कारण दोन्ही पार्ट्या देशाच्या नावाने शपथ घेतायत आणि गिटार काही देश बनवत नसतो, कारखाना बनवतो, कारखान्यातली माणसं बनवतात. भांडायचंच असेल तर या गोष्टीवर भांडायला हवं की गिटारीवर देशाचं नाव छापलं जातं, मग ज्या कारखान्याने ती बनवली त्याचं नाव का छापलं जात नाही?

थोडं मागे जाऊ. लिओ फेंडर हा फुलर्टन, कॅलिफोर्नियातला रेडिओ दुरुस्त करणारा माणूस, त्याला स्वतःला गिटार वाजवता येत नव्हती. १९४६ मध्ये त्याने कंपनी काढली, १९५४ मध्ये स्ट्रॅटोकास्टर आणली, आणि जानेवारी १९६५ मध्ये १ कोटी ३० लाख डॉलरला कंपनी सीबीएसला विकून टाकली. सीबीएस म्हणजे टीव्ही-रेडिओचं साम्राज्य, त्यांना आकडे वाढवायचे होते आणि ते वाढवलेही, पण सत्तरच्या दशकातल्या गिटारींबद्दल त्या वेळच्या वादकांच्या तक्रारी सगळ्यांना माहितीयत. स्ट्रॅटची, म्हणजे स्ट्रॅटोकास्टरची, नेक (बॉडीच्या खोबणीत बसवलेला दांडा) चार स्क्रूंऐवजी तीन स्क्रूंवर आली, नेक आणि खोबण यांच्यात फट राहायला लागली, रंगाचा थर प्लास्टिकसारखा जाड झाला, वजन वाढलं. म्हणजे ज्या काळाला आपण ‘अस्सल अमेरिकन’ म्हणून डोक्यावर घेतो त्यातला मोठा भाग असा होता की खुद्द अमेरिकन वादक नवी गिटार सोडून पन्नास-साठच्या दशकांतल्या जुन्या गिटारी शोधत हिंडत होते. व्हिंटेजचं वेड तिथून वाढलं. नवी चांगली मिळत असती तर जुनीला कोणी एवढे पैसे दिले असते का?

त्याच काळात जपानी कारखाने काय करत होते? कॉपी करत होते, हे सरळ मान्य करू. तोकाई, फर्नांडिस, ग्रेको, सगळे फेंडर आणि गिब्सन या दोन बड्या अमेरिकन कंपन्यांच्या जुन्या मॉडेलांची नक्कल करत होते आणि ती वर्षागणिक अधिकाधिक हुबेहूब होत चालली होती. विरोधी पार्टीचा सगळ्यात जोरदार मुद्दा इथेच आहे, की दुसऱ्याची डिझाइन उचलून ज्यांनी हात बसवला त्यांना तुम्ही अस्सल कसं म्हणता? मुद्द्यात दम आहे, तो उडवून लावता येत नाही. डिझाइन करणाऱ्याची मेहनत फुकट वापरली गेली होती आणि ज्या कंपनीने बाजारपेठ उभी केली तिच्याच बाजारात स्वस्त माल येऊन पडला होता.

पण पुढे काय झालं तेही बघा. १९७७ मध्ये गिब्सनची मालक कंपनी नॉर्लिनने आयबानेझ या जपानी ब्रँडच्या अमेरिकन शाखेवर केस टाकली, तीसुद्धा फक्त हेडस्टॉकच्या आकारावरून, आणि पुढच्या वर्षी कोर्टाबाहेर मिटवली. फेंडरने तर पुढे कित्येक वर्षांनी बॉडीच्या आकारावर ट्रेडमार्क मिळवायचा प्रयत्न केला, आणि २००९ मध्ये अमेरिकेच्याच ट्रेडमार्क मंडळाने सांगितलं की हे आकार आता इतके सर्रास झालेत की ते एका कंपनीचे राहिलेले नाहीत. म्हणजे स्ट्रॅटची बाह्यरेषा कायद्याने कोणाचीच खासगी नाही, नाव आणि हेडस्टॉक मात्र फेंडरचे. आणि ज्या गोष्टीला चोरी म्हणायचं तिचा शेवट कसा झाला? फेंडरने १९८२ मध्ये ‘फेंडर जपान’ नावाची भागीदारी काढली ती कांदा शोकाई आणि यामानो गाक्की या दोन जपानी कंपन्यांबरोबर. कांदा शोकाई म्हणजे कोण, तर ग्रेको ब्रँडची मालक! आणि गिटारी बनवायचं काम दिलं नागानो प्रांतातल्या मात्सुमोतोच्या फुजिगेन कारखान्याला, म्हणजे जिथे त्या ग्रेको बनत होत्या तिथेच. ज्याच्या हक्काबद्दल आपण भांडतोय त्या मालकाने स्वतः जाऊन त्या हातांना आपलं नाव दिलं. मग आज, चाळीस वर्षांनी, आपण कुठल्या अधिकाराने ते नाव परत काढून घेणार?

फेंडरने हे काही मोठ्या मनाने केलं असं मी म्हणत नाही, त्यामागे साधा हिशोब होता. १९८१ मध्ये सीबीएसने बिल शुल्ट्झ, डॅन स्मिथ वगैरे माणसं आणली, आणि ती आणली कुठून तर यामाहाच्या अमेरिकन शाखेतून. त्यांना माहिती होतं की जपानी कारखान्याशी फुलर्टनची त्या वेळची यंत्रं आणि पद्धत टक्कर घेऊ शकत नाहीत. डॉलर तेव्हा सुमारे अडीचशे येनला होता, म्हणजे जपानी माल जगात सगळीकडे स्वस्त पडत होता. नकला थांबवायच्या तर जपानमध्येच, त्याच भावात, खऱ्या नावाची गिटार आणायची, हा डाव होता आणि तो बरोबर बसला. जपानहून पहिले नमुने फुलर्टनला आले तेव्हा ते बघून तिथल्या लोकांच्या डोळ्यात पाणी यायचं बाकी होतं, कारण आपण जे करायला हवं होतं ते समोर दुसऱ्याने करून ठेवलेलं दिसत होतं, असं डॅन स्मिथने नंतर सांगितलंय. मला ही आठवण फार महत्त्वाची वाटते. आपल्या रूमवर बसून जपानीला नावं ठेवणाऱ्यांपेक्षा त्या फुलर्टनच्या कामगारांचा हात त्या लाकडावर जास्त फिरलेला होता, आणि त्यांना फरक पहिल्या नजरेत कळला.

आता दुसरा मोठा आक्षेप, नोकऱ्यांचा. फुलर्टनचा कारखाना बंद पडला, तिथल्या माणसांचं काय? हा प्रश्न मला स्वतःला टोचतो, कारण मुंबईत गिरण्यांचं काय झालं ते बघितलेल्या घरातून मी आलोय, कारखाना बंद पडतो म्हणजे नक्की काय बंद पडतं हे मला कोणी समजावून सांगायची गरज नाही. पण दोष कोणाच्या पदरात टाकायचा ते नीट बघितलं पाहिजे. १९८५ मध्ये सीबीएसने फेंडर विकायला काढली, शुल्ट्झ आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १ कोटी २५ लाख डॉलरला ती घेतली, म्हणजे वीस वर्षांपूर्वी घेतली त्याहून कमीला. त्यात नाव आलं, पेटंट आली, शिल्लक माल आला, पण फुलर्टनचा कारखाना आला नाही. अमेरिकेतल्या सगळ्यात प्रसिद्ध गिटार कंपनीकडे त्या वर्षी काही महिने अमेरिकेत स्वतःचा गिटारीचा कारखानाच नव्हता. कोरोना, कॅलिफोर्निया इथे नवा कारखाना सुरू होऊन तो पायावर उभा राहीपर्यंत जगभर ज्या फेंडर गेल्या त्यातल्या बहुतेक जपानी होत्या. त्या विकून दुकान चालू राहिलं म्हणून कोरोना उभा राहिला. मग जपानने अमेरिकन नोकऱ्या खाल्ल्या म्हणायचं, की अमेरिकन नोकऱ्या परत येईपर्यंत किल्ला लढवला म्हणायचं?

आणि गिब्सनचं उदाहरण शेजारीच आहे. मिशिगनमधल्या कालामाझूचा त्यांचा जुना कारखाना १९८४ मध्ये बंद झाला, काम गेलं कुठे तर टेनेसीतल्या नॅशव्हिलला. देश तोच, झेंडा तोच. कालामाझूच्या कामगारांना त्या झेंड्याचा काय उपयोग झाला? त्यातल्या काहींनी १९८५ मध्ये त्याच इमारतीत हेरिटेज नावाने स्वतःची गिटार बनवायला घेतली. म्हणजे गिटारीवर ‘मेड इन यूएसए’ तसंच राहिलं आणि तरीही ज्यांनी ते नाव कमावून दिलं ती माणसं बाहेर. देशाचा शिक्का या गोष्टीबद्दल एक शब्द सांगत नाही.

तिसरा आक्षेप वादकांचा आहे आणि तो तांत्रिक आहे. जपानीमध्ये लाकूड हलकं, बासवुड वापरलेलं, आतले पॉट (आवाज कमी-जास्त करणाऱ्या बटणांचे भाग) छोटे, पिकअप (तारांचा आवाज पकडणारी, तार गुंडाळलेली चुंबकं) साधे. यात तथ्य आहे, काही मॉडेलांत हे अगदी खरं आहे. पण काही म्हणजे कुठल्या? फेंडर जपानच्या सुरुवातीच्या मॉडेलांचे नंबर बघा, एसटी५७-६५, एसटी६२-८५, एसटी६२-११५ असे. पहिला आकडा कुठल्या सालच्या स्ट्रॅटची प्रतिकृती ते सांगतो, दुसरा आकडा म्हणजे चक्क किंमत, हजार येनमध्ये. ११५ म्हणजे १ लाख १५ हजार येन, त्यात अमेरिकेतले पिकअप आणि जुन्या पद्धतीचा पातळ लॅकर, ६५ म्हणजे ६५ हजार येन, त्यात जपानी पिकअप आणि पॉलीचा, म्हणजे प्लास्टिकसारखा, रंग. कंपनीने लपवलेलं काहीच नव्हतं, किंमत नावातच लिहून ठेवली होती, तरी आपण दोन्हींना एकच ‘जपानी’ म्हणणार, एकाने ६५ वाली वाजवून जपानी बेकार म्हणायचं आणि दुसऱ्याने ११५ वाली वाजवून जपानी स्वर्ग म्हणायचं. त्यात १९९७ च्या सुमाराला काम फुजिगेनकडून डायना गाक्कीकडे गेलं आणि शिक्का ‘क्राफ्टेड इन जपान’ झाला, म्हणजे कारखानाच बदलला, आणि खरेदीदाराला त्याचा पत्ता फक्त एका शब्दाच्या फरकावरून लावायचा. देश तोच होता ना? मग देश बघून काय कळलं?

जपानी भक्तांनाही मी इथेच धरतो. सीरियल नंबर फेंडर जपानच्या सुरुवातीच्या गिटारींसारखा ‘जेव्ही’ने सुरू होतो म्हणून डोळे मिटून वाटेल ती किंमत मोजणारे लोक मी बघितलेत, नेक वाकलीय का, फ्रेट घासलेत का, पिकअप मूळचेच आहेत का बदललेत, काही बघायचं नाही, दोन अक्षरं दिसली की पैसे काढून दिले. जेव्ही चांगल्या असतात, मी वाजवल्यात, हातात घेतली की कळतं. पण त्या चांगल्या असण्याचं कारण हवेत किंवा पाण्यात नव्हतं. मात्सुमोतो हे डोंगरांनी वेढलेलं खोरं, तिथे फर्निचरचं सुतारकाम पिढ्यान्‌पिढ्यांचं. गावातच दुसरी कंपनी होती मात्सुमोकू, ती सुरुवातीला शिवणयंत्रांची लाकडी कॅबिनेट बनवायची, सिंगरसाठी, मग गिटारीकडे वळली आणि गिब्सनच्या एपिफोनपासून आरियापर्यंत सगळ्यांसाठी गिटारी बनवून १९८७ मध्ये बंद झाली. लाकूड वाळवायचं कसं, सांधा बसवायचा कसा, हे गाव गिटार ओळखायच्या आधीपासून जाणत होतं. वर नकलांच्या काळात जुन्या अमेरिकन गिटारी खोलून, मापं घेऊन, पुन्हापुन्हा तीच गोष्ट करत राहिल्याने हात तयार झालेला. मिरजेत काय वेगळं झालं? तलवारींना धार लावणारे शिकलगार एकोणिसाव्या शतकात तंतुवाद्यांकडे वळले आणि मिरजेची सतार, मिरजेचा तानपुरा देशभर गेला. कसब एका कामातून दुसऱ्या कामात जातं, त्याला एक गाव लागतं, काही पिढ्या लागतात आणि पोटापुरती मजुरी लागते. राष्ट्रीय स्वभाव वगैरे काही लागत नाही.

चौथा आक्षेप मला सगळ्यात जास्त ऐकू येतो आणि सगळ्यात कमी पटतो: फेंडरचा ‘आत्मा’ अमेरिकन आहे, तो दुसरीकडे नेता येत नाही. तर मग फुलर्टनमध्ये, त्या सोन्यासारख्या पन्नाशीत, तो आत्मा घडवत कोण होतं? १९५६ मध्ये कामाला लागलेली अबिगेल इबारा २०१३ पर्यंत पिकअपच्या तारा गुंडाळत होती, तिच्या हातच्या पिकअपसाठी आज जगभरचे वादक रांग लावतात. पन्नाशीतल्या कित्येक नेकांवर, खोबणीत जाणाऱ्या टोकाला, पेन्सिलने ‘टीजी’ लिहिलेलं असतं, ते तादेओ गोमेझचं. नावं वाचा. फुलर्टनच्या त्या सुवर्णकाळावर मेक्सिकन मुळाच्या माणसांचे हात फिरलेत. आणि तीच पार्टी आज, मेक्सिकोतल्या एन्सेनादाच्या कारखान्यातून आलेल्या फेंडरला ‘मेक्सिकन आहे, हलकी’ म्हणून नाक मुरडते. सीमा ओलांडून आलेला हात अस्सल आणि सीमेपलीकडेच थांबलेला हात नकली, हा कुठला न्याय झाला?

शिवाय लिओने ही गिटार मुळातच कशी काढली होती ते विसरून चालत नाही. तिच्याआधीच्या चांगल्या गिटारींची नेक बॉडीला सरसाने चिकटवलेली असायची, ते कुशल कारागिराचं काम, बिघडलं की दुरुस्तीला महिने. लिओने नेक स्क्रूने बसवली. लाकडाची फळी, त्यावर कापलेला आकार, चार स्क्रू, खराब झालं तर बदला. रेडिओ दुरुस्त करणाऱ्याचं डोकं! ही गिटार जन्मापासून अशीच योजलेली आहे की नीट मापं दिली आणि मन लावून काम करणारी माणसं असली की कुठेही बनावी. तिला एका गावाच्या मातीशी बांधणं म्हणजे तिच्या निर्मात्याच्या कल्पनेलाच नाकारणं आहे.

आणि परंपरा जपली कोणी हेही बघा. फेंडरचीच बाकीची मॉडेलं घ्या: जॅग्वार अमेरिकेत १९७५ मध्ये बंद झाली, जॅझमास्टर १९८० च्या सुमाराला, मस्टँग १९८२ मध्ये. फुलर्टनला ज्या मॉडेलांची गरज वाटेनाशी झाली ती ऐंशीच्या मध्यानंतर पुन्हा बनायला लागली ती जपानमध्ये. नव्वदच्या सुरुवातीला कर्ट कोबेनला डावखुऱ्या मस्टँग हव्या होत्या, त्या आल्या जपानमधून. अमेरिकन रॉकचा त्या दशकातला सगळ्यात ओळखीचा चेहरा, आणि हातात मेड इन जपान. आता त्याला कोणी सांगायचं की बाबा तुझी फेंडर खरी नाही?

‘मेड इन’ या शिक्क्याचा स्वतःचा इतिहासही ऐकण्यासारखा आहे. १८८७ मध्ये ब्रिटनने कायदा केला की परदेशी मालावर देशाचं नाव घातलंच पाहिजे, कारण जर्मन चाकू-सुऱ्या शेफिल्डच्या नावाने विकल्या जात होत्या. हेतू असा की ‘मेड इन जर्मनी’ दिसलं की गिऱ्हाइकाने तोंड फिरवावं. थोड्याच वर्षांत तेच तीन शब्द बघून लोक माल घ्यायला लागले. युद्धानंतर जपानी खेळणी आणि कपबश्यांवर ‘मेड इन ऑक्युपाइड जपान’ असा शिक्का असायचा आणि जपानी म्हणजे तकलादू असं अमेरिकेत सगळे धरून चालायचे, आणि तीसेक वर्षांत कॅमेरे, गाड्या, गिटारी यांनी ते उलटं करून दाखवलं. आपल्याकडची पेटी घ्या. पॅरिसमध्ये १८४० च्या दशकात जन्मलेलं हार्मोनियम इकडे आलं, कलकत्त्यात ते पायाऐवजी हाताने भाता मारायचं झालं, गोविंदराव टेंबेंसारख्यांनी त्याला नाट्यसंगीतात मानाची जागा दिली, आणि तरी १९४० पासून तीन दशकं ते ‘परकं’ म्हणून आकाशवाणीवर बंद होतं. आज कीर्तनात, भजनात, बैठकीत पेटी नसेल तर आपल्यालाच चुकल्यासारखं होतं. आणि पेटीवाले आपसात काय बोलतात? सूर, म्हणजे आतल्या धातूच्या पट्ट्या, जर्मन की पालिताण्याच्या, पेटी कोणाच्या हातची. तानपुरा मिरजेचा आहे एवढ्यावर कोणी थांबत नाही, पुढचा प्रश्न येतोच, कोणाकडचा? हा ‘कोणाकडचा’ आपल्या संगीतात इतका मुरलेला आहे की तो आपण गिटार घेताना का विसरतो हेच मला कळत नाही.

हा प्रश्न विचारला नाही की काय होतं ते पुढच्या गोष्टीत दिसतं, आणि यात जपानही सुटलेला नाही. सप्टेंबर १९८५ मध्ये न्यूयॉर्कच्या प्लाझा हॉटेलात पाच देशांनी डॉलर खाली आणायचं ठरवलं, एका डॉलरला २४० च्या आसपास येन मिळायचे ते दोन वर्षांत दीडशेच्या आत आले, आणि जपानी गिटार एका झटक्यात महाग झाली. लगेच स्क्वायर, म्हणजे फेंडरचा स्वस्त ब्रँड, मात्सुमोतोतून निघून कोरियाला गेला. फुजिगेनच्या कामगाराने काय चूक केली होती? तीच यंत्रं, तोच हात, फक्त चलनाचा भाव बदलला. पुढे कोरियात मजुरी वाढली, काम इंडोनेशिया आणि चीनला गेलं. कोरियातल्या कॉर्ट कंपनीने मोठमोठ्या ब्रँडांसाठी गिटारी बनवल्या, २००७ मध्ये तिथले कारखाने बंद करून माणसं काढून टाकली, आणि ते कामगार २०१९ पर्यंत, बारा वर्षं, रस्त्यावर बसून लढले. त्या बारा वर्षांत आपण इकडे ‘कोरियन चांगली की इंडोनेशियन’ यावर तासन्‌तास बोललो असू. त्यातल्या किती जणांना हे उपोषणं करणारे, तंबूत राहणारे लोक माहिती होते? शिक्क्यावर त्यांच्या कारखान्याचं नाव असतं तर निदान विचारायला एक जागा तरी राहिली असती.

याला उत्तर म्हणून सांगतात की ब्रँड म्हणजे हमीच, खाली कोण बनवतं याच्याशी गिऱ्हाइकाला काय देणंघेणं, आणि कारखान्याचं नाव छापलं तर तो उद्या ब्रँडलाच डोईजड होईल. पहिलं थोडं खरं आहे, फेंडरने मापं दिली, तपासणी केली, नाव पणाला लावलं, त्याची किंमत तिला मिळालीच पाहिजे. दुसरं मात्र कबुलीच झाली, म्हणजे नाव लपवण्याचं कारण दर्जा हे नाही, सौदा करताना कारखान्याला दाबून ठेवता यावं हे आहे. जून २०२५ मध्ये मिलानच्या शोमध्ये प्राडाने कोल्हापुरीसारख्या चपला नाव न घेता दाखवल्या तेव्हा अख्खा महाराष्ट्र उसळला, आणि कंपनीला मान्य करावं लागलं की प्रेरणा भारतीय हस्तकलेची आहे. तेव्हा आपण काय मागितलं होतं? बनवणाऱ्याचं नाव घ्या, एवढंच. तीच मागणी मात्सुमोतोच्या माणसासाठी करताना आपली जीभ अडखळायचं काही कारण नाही. आणि जमत नाही असंही नाही, फुजिगेन आज स्वतःच्या नावाने गिटारी विकते आणि लोक ते नाव बघून घेतात.

तर त्या दिवशी शेवटी मी पोराला म्हटलं, खोलूया. टेबलावर चादर टाकली, तारा सैल केल्या, मागच्या प्लेटचे चारही स्क्रू काढले. नेक निघेना. खोबणीत इतकी घट्ट बसलेली की दोन्ही हातांनी धरून हलकेच मागेपुढे करावी लागली, मग ती ‘टक’ करून सुटली. खोबणीच्या कडा धारदार, कुठे भरणा नाही, कागद खुपसायला फट नाही, आणि आत रंग न लागलेलं कोरडं लाकूड, तळव्याला किंचित खरखरीत लागणारं. सीरियल नंबर ‘ई’ने सुरू होणारा, म्हणजे १९८४ ते ८७ मधली, फुजिगेनची. म्हणजे नेमकी त्या वर्षांतली जेव्हा फुलर्टन बंद झाला होता आणि कोरोना जेमतेम सुरू होत होता. खरी फेंडर अमेरिकेतली म्हणणाऱ्या आमच्या मित्राला मी विचारलं, समज हा पोरगा १९८५ मध्ये दुकानात गेला असता, तर तू त्याला कुठली नवी अमेरिकन फेंडर घ्यायला सांगितली असतीस? तो काही बोलला नाही, नेक हातात घेऊन टोकाकडे बघत राहिला. तिथे पेन्सिलीचं ‘टीजी’ नव्हतं, एक छोटासा शिक्का होता, आकडे आणि खुणा, कोणाच्या हातचं काम ते सांगणारं काही नाही. पोराने मोबाइलमध्ये त्याचा फोटो काढला आणि विचारलं, हे बनवणारा माणूस आता असेल का हो मात्सुमोतोत?